सशांची जुंपली!

फेब्रुवारीतल्या एका सकाळी शहापूरच्या आमच्या घराच्या पडवीत पांढऱ्या केसांचे पुंजके पसरले होते. आईला वाटलं, उशी फाटली. पिंजऱ्यात बघितलं तर कापूस कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, त्याच्या कानाला चीर गेलेली. आणि खजूर (नावं धाकट्या भावाने ठेवलीयेत) मधोमध बसून निवांत गवत चावत होता. दिवाळीत आणले तेव्हा दोघं चपलांच्या एका खोक्यात मावायचे, एकमेकांच्या अंगावर डोकं टाकून झोपायचे. त्यांच्या रील्सना माझ्या आजवरच्या सगळ्या पोस्टपेक्षा जास्त लाइक्स आहेत. मास कॉमवाल्यांना हे कबूल करणं जड जातं, पण आहे.

‘दोन्ही माद्या आहेत, भांडायच्या नाहीत,’ असं दुकानदाराने सांगितलं होतं. दोन्ही नर निघाले. एवढ्याशा पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणं खरंच अवघड असतं. नराची खूण साधारण तीन महिन्यांनंतर नीट दिसायला लागते. म्हणजे तो खोटं बोलला असं नाही, पण इतक्या खात्रीने बोलायला नको होतं.

मुरबाडच्या माझ्या मैत्रिणीकडे याच्या उलट. तिच्याकडे ‘दोन भाऊ’ आले होते. पुढे त्यातला एक भाऊ दुसऱ्याला जवळ येऊ देईना. गुरगुरायचा, अंगावर धावून जायचा. घरचे म्हणाले, यांची जोडी काही जमत नाही. आठवड्याभराने त्या ‘भावाने’ स्वतःच्या अंगावरचे केस उपटून कोपऱ्यात गादी केली आणि सकाळी तिथे सहा उघडी पिल्लं! जोडी अगदीच जमली होती. सशाच्या मादीचे दिवस साधारण ३१ दिवसांत भरतात, आणि व्यायल्यावर ती लगेच पुन्हा गाभण राहू शकते. तरीही नर तिथेच ठेवला होता. पुढच्या महिन्यात काय झालं असेल, ते सांगायला नको.

दोन्ही घरांत आम्ही एकच चूक केली. भांडण हा ‘स्वभाव’ आहे असं समजलो. खजूर ‘दुष्ट’ ठरला, त्याला ओरडलो, वेगळं ठेवायची शिक्षा केली आणि संध्याकाळी ‘आता मिटलं असेल’ म्हणून परत त्याच पिंजऱ्यात सोडला. दहा सेकंदांत पुन्हा जुंपली.

खरं कारण वयाचं होतं. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ससे वयात येतात आणि मग जागा कोणाची, हा प्रश्न येतो. खजूर पिंजऱ्याच्या गजांवर, ताटलीवर, माझ्या बॅगेवर हनुवटी घासायचा तेव्हा मला वाटायचं किती लाडात येतो. हनुवटीखाली त्याची गंधाची ग्रंथी असते. तो सगळ्यावर आपला सातबारा चढवत होता. ब्रिटनमध्ये रोनाल्ड लॉकली या निसर्ग अभ्यासकाने रानातल्या सशांच्या बिळांपाशी बसून निरीक्षणं केली आणि १९६४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आपला पाळीव ससा त्याच युरोपीय रानसशाचा वंशज. तिथेही ससे कळपाने राहतात, पण त्यात वरचा कोण आणि खालचा कोण हे ठरलेलं असतं. फरक इतकाच, की तिथे हरलेल्याला पळायला रान असतं. आमच्या कापसाला दोन बाय तीन फुटांचा पिंजरा होता.

अर्थात प्रत्येक झटापट म्हणजे युद्ध नव्हे. एकाने दुसऱ्यावर चढणं, थोडा पाठलाग, एखादा केसांचा पुंजका, एवढं चालतं. त्यातूनच त्यांचं ठरत असतं, दरवेळी मध्ये पडलं तर ते ठरतच नाही. पण कान मागे चिकटवून, शेपटी वर करून दोघं एकमेकांभोवती गोल फिरायला लागले की समजायचं, आता काही खरं नाही. मग ते एकमेकांना धरून भोवऱ्यासारखे गरगरतात. मागच्या पायांच्या नखांनी पोट फाटू शकतं, आणि नर एकमेकांच्या नेमक्या नको त्या जागी चावतात. त्या वेळी हात मध्ये घालायचा नाही. मी घातला होता. अंगठ्यावरची खूण अजून आहे. जाड टॉवेल टाकायचा किंवा मध्ये सूप नाहीतर केरसुणी सरकवायची, आणि दोघांना वेगळं करायचं. ‘थोडा वेळ’ नाही, चांगलं वेगळं.

नंतर केस बाजूला करून अंग तपासायचं. सशाचं चावणं बाहेरून टिंबाएवढं दिसतं आणि काही दिवसांनी आत घट्ट पुवाचं गळू झालेलं असतं. इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत छापावी असं मी डेस्कला सांगणार आहे. घरातली अँटिबायोटिकची उरलेली गोळी सशाला देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध पोटात गेलं तर त्याच्या आतड्यातले कामाचे जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. भांडणानंतर ससा दहा-बारा तास काही खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर तेही जखमेइतकंच गंभीर. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

कायमचा उपाय म्हणजे नसबंदी. गुरांच्या दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्यांची रांग असते. सशाचं ऑपरेशन करणारे डॉक्टर आम्हाला मुंबईत मिळाले. उन्हाच्या आत पोचावं म्हणून आसनगावहून पहाटेची लोकल धरली, कारण उकाडा सशाला अजिबात सोसत नाही. पाण्याची बाटली बर्फ करून, टॉवेलात गुंडाळून टोपलीत ठेवली होती. मुरबाडवाल्यांना तर आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं, कारण त्याला उलटी होतच नाही. आईने ‘ऑपरेशन आहे ना’ म्हणून रात्रीचं गवत काढून घेतलं होतं, मी गुपचूप परत टाकलं. नसबंदीनंतर अंगातला जोर लगेच उतरत नाही. नराला सहा आठवडे तरी द्यायचे, आणि त्या काळात तो मादीपासूनही लांब हवा. मादीची नसबंदी तर तिच्या जिवासाठीही गरजेची. वय वाढतं तसा गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो.

मग परत एकत्र कसे आणायचे? व्हिडिओ शोधत बसले होते तेव्हा आजोबा म्हणाले, ‘म्हशाच्या जत्रेतनं नवा बैल आणला की जुन्याच्या दावणीला लगेच बांधतात का?’ नाही बांधत. आधी लांब, पण नजरेच्या टप्प्यात. वास येऊ दे, आवाज येऊ दे. मग एकेक हात जवळ. सशांची रीत हीच आहे. दोन पिंजरे शेजारी, मध्ये वीतभर अंतर, म्हणजे जाळीतून चावता येत नाही. दोन दिवसांनी याचं अंथरूण त्याला, त्याचं याला. मग भेट तिसऱ्याच जागी, जिथे दोघांपैकी कोणी हनुवटी घासलेली नाही. आमच्याकडे ती जागा न्हाणीघर होती. रोज दहा मिनिटं, हातात टॉवेल तयार. समोर एक वाटी ठेवायची नाही, गवत सगळीकडे पसरायचं. (आपल्याकडचं वाळलेलं गवत ट्रकने मुंबईच्या तबेल्यांना जातं आणि मी पहिले दोन महिने ऑनलाइन परदेशी गवताची पाकिटं मागवत होते. आजोबा अजून हसतात. फवारणी न केलेलं बघून घ्यायचं, बस.) लपायला खोकी ठेवली तर त्यांना दोन दारं हवीत, नाहीतर हरलेला आत कोंडला जातो.

मधल्या काळात एक रविवार असा आला होता की बाबांनी कापसाला पिशवीत घातलं होतं. माहुलीच्या पायथ्याला सोडून येतो, म्हणाले, तिकडे ससे आहेतच. वाईट हेतू नव्हता, रोजची कटकट संपवायची होती. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतो आपण, तिथेच घोळ होतो. माहुली-तानशाच्या रानातला ससा वेगळ्या जातीचा. तो बीळ करत नाही, एकटा राहतो, त्याचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं असतं. आपला पाळीव ससा आंधळा, उघडा जन्मतो आणि पिंजऱ्यात वाढतो. पांढराशुभ्र ससा करड्या गवतात कुत्र्याला, मुंगसाला, घारीला लांबून दिसतो. मैत्रिणीच्या शेजाऱ्यांनी त्यांचा ससा असाच ओढ्याकाठी सोडला होता. दुसऱ्या दिवशी बघायला गेले, तर तो नव्हता. पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. वडापावच्या भावात.

बाबा गेटपर्यंत गेले होते. पिशवीतून कापसाने मागचा पाय आपटल्याचा आवाज आला, घाबरले की ते तसं करतात. बाबा परत आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि पेपर उघडून बसले. त्यावर आमच्यात पुढे काही बोलणं झालं नाही.

सगळ्यांचं जमतंच असं नाही. दोन नरांचं तर पुष्कळदा जमत नाही, मग जन्मभर शेजारी शेजारी दोन पिंजरे हाही चांगला संसार आहे. आमच्या दोघांना न्हाणीघरात पाच आठवडे लागले. तिसऱ्या आठवड्यात एकदा पुन्हा जुंपली, मग सगळं पहिल्यापासून. गेल्या सोमवारी खजूर मान खाली घालून कापसासमोर बसला आणि कापसाने त्याचं कपाळ चाटलं. मी रील काढली नाही, मोबाईल चार्जिंगला होता. आई म्हणतेय, आता एक पिंजरा विकून टाक. मी अजून महिनाभर थांब म्हटलंय.