हाताला प्लास्टर का घालतात? त्याच्या आत नेमकं काय घडतं?

प्लास्टर म्हटलं की सही करायची जागा, एवढंच आपल्याला आठवतं. पण ही टेक्नॉलॉजी भारी आहे, आणि तिच्यातली एक गोष्ट माहीत नसेल तर हात गमवायची वेळ येऊ शकते. म्हणून आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

प्लास्टर कडक कसं होतं?

गणपतीच्या मूर्तींमुळे पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, आपल्याला माहीत आहेच. जिप्सम हा खनिज दगड साधारण १५० अंशांपर्यंत तापवला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि पांढरी पावडर उरते. तिला पुन्हा पाणी मिळालं की तिचं परत जिप्सम होतं, बारीक स्फटिक एकमेकांत अडकतात आणि सगळं घट्ट होतं. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. ओलं प्लास्टर घालताना हात गरम लागतो तो यामुळेच.

आधी खळ लावलेल्या पट्ट्या वापरत, पण त्या वाळायला काही दिवस लागायचे. १८५१ मध्ये नेदरलँड्सच्या सैन्यातले डॉक्टर अँटोनियस मॅथायसेन यांनी कापडी पट्टीतच ही पावडर भरली. पट्टी भिजवा, गुंडाळा, काही मिनिटांत तयार!

मग हाड प्लास्टर जोडतं का?

नाही. हाड स्वतःच जुळतं. मोडलेल्या जागी रक्त साकळतं, मग तिथे मऊ ऊती तयार होते, हळूहळू त्यात कॅल्शियम भरतं आणि नवं हाड बनतं. प्लास्टर फक्त दोन्ही तुकडे हलू देत नाही. मोठ्या माणसाच्या मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात, लहान मुलांचं लवकर जुळतं.

कच्चं आणि पक्कं प्लास्टर

सुरुवातीला सूज वाढत असते. म्हणून बऱ्याचदा डॉक्टर आधी एका बाजूने स्लॅब लावतात, त्यालाच आपण कच्चं प्लास्टर म्हणतो. सूज उतरली की पक्कं. फायबरग्लासचं प्लास्टर हलकं असतं आणि लवकर वाळतं. पीओपी पूर्ण वाळायला मात्र एक ते तीन दिवस लागतात.

हे मात्र लक्षात ठेवाच

कडक प्लास्टर ताणलं जात नाही. आत सूज वाढली तर रक्तपुरवठा दबतो आणि काही तासांत स्नायू कायमचे खराब होऊ शकतात. गावाकडे हाड बसवणाऱ्याने करकचून पट्टी बांधली तरी हाच धोका असतो.

पुढीलपैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा:

- गोळी घेऊनही वाढत जाणारी वेदना
- बोटं निळी, पांढरी किंवा थंड पडणं
- मुंग्या येणं, बधीरपणा
- बोटं हलवता न येणं, किंवा दुसऱ्याने सरळ केल्यावर असह्य दुखणं

मी सगळ्यांना एक सोपी टेस्ट सांगतो. नख दाबून सोडा. साधारण दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. दोन्ही हातांचा शेजारी शेजारी फोटो काढलात तर सूज वाढली का, तेही कळतं. पण फोटो ठीक दिसतोय आणि दुखणं वाढतंय, तर दुखण्यावर विश्वास ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. खाज आली तरी आत पट्टी किंवा सुई घालू नका, जखम चिघळते.

घरात कुणाला प्लास्टर असेल तर ही माहिती त्यांना आजच फॉरवर्ड करा!