मोबाईलचा डेटा अकाली का संपतो? कारणे व तपासणीची रीत

प्राथमिक शाळेच्या दैनंदिन कामात मोबाईल फोनास आता फळा व हजेरीपत्रक यांच्या जोडीचे स्थान प्राप्त झाले आहे. पोषण आहाराची माहिती भरणे, केंद्रावरून आलेली पत्रके वाचणे, पालकांना निरोप धाडणे, २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरील पाठ मुलांना दाखविणे ही सर्व कामे बहुधा शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवर व त्याच्याच रिचार्जवर होत असतात. अशा स्थितीत दिवसाचा ठरलेला डेटा दुपारीच संपला, तर उरलेले काम खोळंबते. डेटा संपल्यावर बहुतेक योजनांत जोडणी तुटत नाही; तिचा वेग ६४ केबीपीएस इतका खाली येतो. हा वेग म्हणजे सेकंदास अवघे ८ किलोबाइट होत. या गतीने २ एमबीचे एकच छायाचित्र पाठविण्यास चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. व्हिडिओ पाहणे तर अशक्यच होते.

ज्या कुटुंबात सर्वांना मिळून एकच फोन आहे, तेथे हा प्रश्न अधिक बिकट होतो. डेटा संपला की दोष बहुधा मुलाच्या अभ्यासास दिला जातो, आणि अभ्यासाचे ॲप सर्वांत आधी काढून टाकले जाते. खरे कारण मात्र जागच्या जागी राहते, आणि दुसऱ्या दिवशी डेटा पुन्हा संपतो. यास्तव आधी मोजणी, नंतर निदान व शेवटी उपाय हा क्रम पाळणे अगत्याचे आहे.

डेटा कशाने खर्च होतो?

लिखित मजकुरास डेटा फारच थोडा लागतो. देवनागरीतील एका अक्षरचिन्हास साधारणतः ३ बाइट लागतात. शंभर चिन्हांचा निरोप ३०० बाइटांचा झाला. म्हणजे केवळ मजकुरापुरते पाहिले, तर १ एमबीमध्ये असे तीन हजारांहून अधिक निरोप मावतात. फोनच्या कॅमेऱ्याने घेतलेले एक छायाचित्र मात्र बहुधा ३ ते ५ एमबीचे असते, आणि चांगल्या दर्जाचे एक मिनिटाचे चित्रीकरण ६० ते १३० एमबीपर्यंत जाते. तेव्हा दिवसभर आलेल्या निरोपांच्या संख्येवरून डेटाच्या खर्चाचा अंदाज बांधणे योग्य नव्हे.

सर्वांत मोठा वाटा चालत्या व्हिडिओचा असतो. त्याचा हिशेब सोपा आहे. सेकंदास १ मेगाबिट या दराने येणारा व्हिडिओ तासाभरात ४५० एमबी डेटा घेतो. कारण ८ बिटांचा एक बाइट होतो व तासाचे ३६०० सेकंद असतात. हाच व्हिडिओ अधिक स्पष्ट चित्राचा, म्हणजे सेकंदास ५ मेगाबिटांचा असेल, तर तासास २२५० एमबी लागतात. १.५ जीबीचा दैनिक डेटा पहिल्या दराने ३ तास २० मिनिटे पुरतो, तर दुसऱ्या दराने तो ४० मिनिटांतच संपतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावयास हवी. यूट्यूबसारखी ॲप चित्राचा दर्जा बहुधा आपोआप ठरवितात. जोडणी मंद असेल तर दर्जा खाली येतो, जोडणी वेगवान असेल तर तो वर जातो. त्यामुळे गावात नवा टॉवर उभा राहिला अथवा जुन्या फोनच्या जागी नवा फोन आला, की पाहण्याचा वेळ तेवढाच राहूनही खर्च कित्येक पटींनी वाढू शकतो. ‘पूर्वी पुरत होता, आताच का पुरत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते.

नकळत होणारा खर्च

फोन खिशात असतानाही त्याचे काही व्यवहार चालू असतात. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे आहेत.

(१) बॅकअप. छायाचित्रांची व निरोपांची प्रत इंटरनेटवरील साठ्यात ठेवण्याच्या क्रियेस बॅकअप म्हणतात. समजा, स्नेहसंमेलनात १०० छायाचित्रे व १० मिनिटांचे चित्रीकरण केले. छायाचित्रांचे सुमारे ४०० एमबी व चित्रीकरणाचे सुमारे १००० एमबी झाले. मोबाईल डेटावर बॅकअप घेण्याची मुभा दिलेली असेल, तर जवळजवळ संपूर्ण दिवसाचा डेटा एवढ्यातच खर्ची पडतो.

(२) ॲपच्या नव्या आवृत्त्या. त्या वाय-फायवरच उतराव्यात अशी निवड केलेली नसल्यास मोबाईल डेटावरही उतरतात.

(३) आपोआप उतरणारे साहित्य. व्हॉट्सॲपमध्ये मुळातच अशी व्यवस्था असते, की गटांवर आलेली छायाचित्रे मोबाईल डेटावर आपोआप उतरतात. कोणी ही निवड बदलून व्हिडिओसही परवानगी दिली असल्यास खर्च बराच वाढतो.

(४) हॉटस्पॉट. शाळेचा संगणक शिक्षकाच्या फोनवरून इंटरनेटशी जोडला, की संगणकास ती जोडणी वाय-फायसारखीच भासते, आणि तो आपले मोठमोठे अपडेट उतरवू लागतो.

(५) वाय-फायवरून डेटावर जाणे. वाय-फाय क्षीण झाल्यास पुष्कळ फोन न सांगता मोबाईल डेटावर जातात. आयफोनमध्ये ‘वाय-फाय असिस्ट’ ही सोय २०१५ पासून असून ती मुळातच चालू असते.

तपासणीची रीत

प्रथम कंपनीच्या ॲपवर आजचा वापर पाहावा. दैनिक योजनेचा हिशेब मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत असतो. फोन मात्र बहुधा महिन्याचा हिशेब दाखवितो, व त्या महिन्याची आरंभीची तारीख सेटिंग्जमध्ये ठरलेली असते. दोहोंचे आकडे एकाच कालावधीचे आहेत याची खात्री केल्याशिवाय तुलना करू नये.

त्यानंतर फोनच्या सेटिंग्जमध्ये जावे. अँड्रॉइड फोनमध्ये ‘नेटवर्क’ अथवा ‘कनेक्शन्स’ या भागात ‘डेटा वापर’ ही नोंद असते. तेथे ॲपनिहाय यादी मिळते व सर्वाधिक खर्चाचे ॲप आरंभी असते. त्या नावावर बोट ठेवले असता खर्चाचे दोन भाग दिसतात. ॲप पडद्यावर उघडे असताना झालेला खर्च तो फोरग्राउंड, आणि ते पडद्यावर नसताना झालेला खर्च तो बॅकग्राउंड होय. आयफोनमध्ये ही यादी ‘मोबाईल डेटा’ या भागात असते. परंतु तेथील आकडा दरमहा आपोआप शून्यावर येत नाही. यादीच्या तळाशी असलेल्या ‘रिसेट’ने तो शून्य करून मग मोजणीस आरंभ करावा.

निदान या दोन आकड्यांवरून होते. फोरग्राउंडचा आकडा मोठा असेल, तर खर्च पाहणाऱ्याच्या वेळेमुळे अथवा चित्राच्या दर्जामुळे झाला. बॅकग्राउंडचा आकडा मोठा असेल, तर बॅकअप किंवा आपोआप उतरणारे साहित्य यांकडे वळावे. अँड्रॉइडच्या यादीत हॉटस्पॉटच्या नावे मोठी नोंद दिसल्यास दोष फोनचा नसून त्यास जोडलेल्या यंत्राचा आहे असे समजावे. अनोळखी ॲप यादीत वर दिसल्यास व त्याची गरज नसल्यास ते काढून टाकावे.

कारणानुसार उपाय

व्हिडिओचा खर्च असेल, तर यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये मोबाईल नेटवर्कसाठी ‘डेटा सेव्हर’ ही निवड करावी. समाजमाध्यमांवरील व्हिडिओ आपोआप सुरू होणे बंद करावे. छायाचित्रांचा व व्हॉट्सॲपचा बॅकअप आणि ॲपच्या नव्या आवृत्त्या केवळ वाय-फायवर ठेवाव्यात. व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज आणि डेटा’ या भागात मोबाईल डेटावर आपोआप उतरणाऱ्या सर्व साहित्यापुढील खुणा काढाव्यात. हवे ते छायाचित्र बोट लावताच उतरते. विंडोज संगणकावर हॉटस्पॉटची जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदविली, की त्याचे बहुतेक अपडेट थांबतात.

अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून ‘डेटा सेव्हर’ व आयफोनमध्ये २०१९ पासून ‘लो डेटा मोड’ ही एकत्रित सोय आहे. ती उपयुक्त खरी; परंतु तिने काही निरोप उशिरा पोहोचू शकतात. ज्या ॲपचे निरोप तातडीचे असतील, त्यास अँड्रॉइडमध्ये सूट देता येते.

सर्व उपाय एकाच दिवशी करू नयेत. एका दिवशी एकच बदल करावा, सकाळी व सायंकाळी आकडे वहीत टिपावेत, आणि फरक पाहून पुढील बदल करावा. असे केल्याने नेमके कारण कळते व निरुपद्रवी ॲप उगाच बंद पडत नाही.

आकड्यांचा मेळ न बसल्यास

फोन व कंपनी यांच्या आकड्यांत थोडा फरक राहतो. तो मोठा असेल, तर दोन सिमांपैकी डेटासाठी कोणते निवडले आहे हे प्रथम पाहावे. तरीही उलगडा न झाल्यास कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार, तक्रारीच्या निकालाने समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. अशा वेळी वहीत टिपलेले तारीखवार आकडेच ग्राहकाच्या उपयोगी पडतात.

शाळेतील उपयोग

‘दीक्षा’वरील पाठ वाय-फाय उपलब्ध असेल तेथे आधीच उतरवून ठेवता येतात. नंतर ते वर्गात डेटावाचून दाखविता येत असल्याने शिक्षकांनी ही सवय लावून घ्यावी. वरील गुणाकार-भागाकार वरच्या वर्गांतील मुलांना उदाहरणे म्हणून घालण्याजोगे आहेत. एका पालकसभेत दहा मिनिटे काढून ॲपनिहाय यादी कशी पाहावी एवढे जरी पालकांना प्रत्यक्ष दाखविले, तरी पुष्कळ घरांतून अभ्यासावरील नाहक ठपका दूर होईल, आणि मुलांचे पाठ फोनवर टिकून राहतील.