ब्रेक धरून ठेवणारी गाडी : दोष कसा ओळखावा?



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर पुन्हा रस्त्यावर येतात. पावसाळाभर उभी असलेली गाडी पहिल्या आठवड्यातच आमच्या वर्कशॉपात येते. तक्रार ठरलेली : "साहेब, गाडी ओढत नाही." बहुतेकांचा पहिला संशय इंजिनावर. फिल्टर बदलला, पंप दाखवला, क्लच प्लेट नवी टाकली, तरी गाडी जडच! खरा चोर पुष्कळदा चाकात बसलेला असतो. पायडल सोडले तरी ब्रेक सुटत नाही आणि इंजिन सारखे त्याच्याशी झगडत राहते.

यात डिझेल आणि लायनर वाया जातात, पण खरा धोका निराळाच आहे. घासून ड्रम तापतो आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. नवे डॉट ३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. परंतु हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि जुने झाले की १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की नळीत वाफ होते आणि पायडल थेट खाली जाते. म्हणजे जो ब्रेक सुटत नव्हता, तोच नेमका उतारावर लागत नाही!

म्हणून काही खोलण्याआधी पुढीलप्रमाणे तपासणी करावी.

१) सपाट, मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर गाडी चालवावी. ब्रेक होता होईतो लावू नये. शेवटी न्यूट्रल करून गाडी आपोआप थांबू द्यावी. लवकर अडखळून थांबली तर ब्रेक धरतो असे समजावे.

२) लगेच उतरून चारही चाकांजवळ हाताचा पंजा नेऊन धग पाहावी. ड्रमला हात लावू नये, भाजेल. पाण्याचे दोन थेंब शिंपडले तरी कळते. बादली मात्र ओतू नये. तापलेले बीड तडकते.

३) एकच चाक तापले असेल तर दोष त्याच चाकात. शूची स्प्रिंग ढिली झाली असेल, व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजला असेल, शू जास्त आवळले असतील किंवा रबरी होज आतून फुगला असेल. बेअरिंगही पाहावे, तेही तापते. मागची दोन्ही चाके तापली तर आधी हँडब्रेकची केबल पाहावी. चारही तापली तर पायडल किंवा मास्टर सिलिंडर.

४) गाडी सपाट जागी उभी करून बाकीच्या चाकांना दगड लावावेत. न्यूट्रल करून, हँडब्रेक सोडून संशयित चाक जॅकवर घ्यावे व हाताने फिरवावे. जड फिरत असेल तर त्या चाकाचे निपल किंचित सैल करावे. ऑइल जोराने उडाले आणि चाक मोकळे झाले, तर दाब नळीत अडकला आहे : होज किंवा मास्टर सिलिंडर पाहा. चाक तरीही जडच राहिले तर शू, स्प्रिंग, पिस्टन किंवा हँडब्रेक पाहा. निपल लगेच आवळावे आणि हवा गेली असल्यास काढून घ्यावी.

गेल्या हंगामात एका सभासदांचा टेम्पो आला. सकाळी ठीक चालायचा, दहा किलोमीटरनंतर चारही चाके धरायची, तासभर उभा केला की पुन्हा मोकळा. चौकशी केली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "ब्रेक ऑइल संपलं होतं, म्हणून थोडं इंजिन ऑइल टाकलं." त्यातच सगळे आले. इंजिन ऑइलने ब्रेकची रबरे फुगतात. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल परत जाण्याचे बारीक छिद्र असते, ते फुगलेल्या रबराने बंद झाले. तापून वाढलेले ऑइल परत जाईना, म्हणून ब्रेक सुटेना. नुसते ऑइल बदलून भागले नाही. नळ्या धुऊन सर्व रबरे व होज नवे घालावे लागले. पाव लिटरची बचत भलतीच महाग पडली.

ट्रॅक्टरवाल्यांनी दोन्ही पायडलांची मोकळी चाल सारखी आहे ना हे पाहावे. रस्त्यावर पायडले खटक्याने जोडूनच चालवावे आणि पाय सतत पायडलवर ठेवण्याची सवय सोडावी. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर धग चाकाशी कळत नाही. न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर किती सहज घरंगळतो ते सपाट जागी पाहावे.

तपासणीला अर्धा तास पुरे. पण दुरुस्ती जाणत्या फिटरकडूनच करून घ्यावी. आपल्या उसाची गाडी गव्हाणीपर्यंत सुखरूप यावी आणि ड्रायव्हर रात्री घरी पोचावा, म्हणून पहिली खेप भरण्यापूर्वीच हा अर्धा तास काढावा, अशी सर्व वाहनधारक सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे.