डोक्यावर वाहिलं आयुष्यभर, उचललं कधी?

तानसा आणि भातसा या धरणांचं पाणी मुंबईला जातं, आणि ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहावी लागते. टँकर आला नाही तर विहीर, विहीर आटली तर ओढ्यातला झरा. तिथे हंडा डोक्यावर कसा चढतो ते एकदा नीट पाहा. बाई उकिडवी बसते, दोन्ही हात हंड्याच्या काठाला. हंडा आधी गुडघ्यावर येतो, तिथे क्षणभर टेकतो आणि मग एका हिसक्यात चुंबळीवर बसतो. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमधल्या ‘क्लीन अँड जर्क’ प्रकारात बार जमिनीवरून आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर जातो. टप्पे तिथेही दोनच.

पण बाई साठीच्या पुढची असेल तर मधेच ऐकू येतं, “हात लाव गं जरा.” शेजारची हात लावते. म्हणजे सगळ्यात अवघड भाग, तो हिसका, दोघींत वाटला जातो. उरतं ते वाहणं. संथ चालीनं, न सांडता, घरापर्यंत.

व्यायामाचा विषय काढला की शहापूर-मुरबाडकडे ठरलेलं उत्तर मिळतं: जन्मभर मोळ्या वाहिल्या, भाताचे भारे वाहिले, आता आणखी कसला व्यायाम? उत्तर बिनतोड वाटतं. स्नायूंचं शास्त्र मात्र ते मान्य करत नाही.

आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन जातीचे तंतू असतात. मंद तंतू दिवसभर राबतात, दमत नाहीत. आवणीला वाकून राहणं, भारा डोक्यावर घेऊन खळ्यापर्यंत चालणं ही त्यांची कामं. वेगवान तंतू मोठा जोर क्षणात लावतात आणि लवकर थकतात. पन्नाशी-साठीनंतर मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात आणि त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात. त्यातल्या काहींना शेजारची मंद चेतापेशी दत्तक घेते, बाकीचे वाळून जातात. यात वेगवान तंतूंचं नुकसान जास्त होतं. अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी वयाबरोबरच्या या झिजेला 1989 मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवलं.

ताकद आणि झटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात घ्यायला हवं. ब्रिटनमध्ये 65 ते 89 वयाच्या निरोगी लोकांच्या मोजमापांतून 1994 साली दिसलं की पायांची ताकद वर्षाला साधारण दीड टक्क्याने घटते, पण तीच ताकद वेगाने लावण्याची क्षमता साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून पाय घसरला तर सावरायला सेकंदाचा काही भागच मिळतो. तेवढ्यात दुसरा पाय पुढे पडला तर ठीक, नाहीतर खुब्याचं हाड. तिथे मंद तंतूंचा चिवटपणा काही कामाचा नाही.

स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क हे उचलीचे प्रकार या वेगवान तंतूंनाच कामाला लावतात. बार सावकाश वर जाऊच शकत नाही. अव्वल खेळाडू ऐन ओढीच्या क्षणी तीन हजार वॉटच्या आसपास, म्हणजे चार अश्वशक्ती जोर लावतो. प्रौढांच्या ‘मास्टर्स’ गटात दर पाच वर्षांचा वयोगट करून स्पर्धा होतात आणि ऐंशीच्या पुढचेही त्यात उतरतात. 40 ते 87 वयाच्या अशा खेळाडूंची तुलना ब्रिटिश संशोधकांनी वजन न उचलणाऱ्या समवयस्कांशी केली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की 85 वर्षांच्या वेटलिफ्टरच्या पायांतला झटका 65 वर्षांच्या सामान्य माणसाइतका होता. उतार मात्र दोघांचाही साधारण सारख्याच गतीचा. म्हणजे वय थांबत नाही, उतरायला सुरुवात वरच्या पायरीवरून होते. शिवाय मुळात दणकट असलेलेच लोक म्हातारपणी वजनं उचलत राहतात, ही शंका अशा तुलनेत राहतेच.

ती शंका फिटते ती नवख्यांवरच्या प्रयोगांनी. 1990 साली बोस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रातले सरासरी नव्वदीचे दहा जण संशोधक मारिया फियातारोन यांनी निवडले आणि त्यांच्या कमाल क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतचं वजन आठवड्यातून तीनदा पायांनी उचलायला लावलं. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू मात्र साधारण नऊ टक्केच. बाकीची ताकद आली कुठून? चेतासंस्था शिकली. अधिक तंतूंना एकाच वेळी हाक मारायला शिकली. उतारवयातलं शिकणं आपल्यालाही नवं नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकाच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साड्या नेसून पाटी गिरवणाऱ्या आज्यांचं सगळीकडे कौतुक झालं. सत्तरीत अक्षर गिरवता येतं हे आपण मानलं. सत्तरीत मांडीलाही शिकवता येतं हे मानायला काय हरकत आहे?

हाडांची गोष्ट आणखी मजेशीर आहे. हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडलं. पण किती भार, किती वेळा? रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी 1984 मध्ये पक्ष्याच्या पंखातल्या हाडावर रोज मोजून दाब दिले. 36 दाबांनी हाड वाढलं. 1800 दिले तरी त्याहून जास्त वाढलं नाही. हाडाला संख्या कळत नाही, तीव्रता कळते. मैलभर हंडा वाहताना पडणारं प्रत्येक पाऊल सारखंच, म्हणून पहिल्या काही पावलांनंतर हाडाच्या दृष्टीने ती नुसती चाल. याउलट ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात बेलिंडा बेक यांच्या गटाने हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांना आठवड्यातून फक्त दोनदा, अर्धा-अर्धा तास, कमाल क्षमतेच्या 85 टक्क्यांहून जड वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांत कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. सगळा सराव तज्ज्ञाच्या नजरेखाली झाला, आणि इजा म्हणावी अशी एकच, कंबर किंचित धरल्याची. ‘वय झालं, आता जड उचलू नका’ हा सरसकट सल्ला 2018 मध्ये आलेल्या या निकालानंतर तरी देऊ नये.

जड उचलायचं, पण रोज का? रोज, दिवसातून अनेकदा आणि कमाल वजनापर्यंत जाण्याची पद्धत बल्गेरियाचे प्रशिक्षक इव्हान अबाजिएव्ह यांनी गाजवली. तिच्यामागे विशीतली पोरं होती, सरकारी खर्चाने चालणारी शिबिरं होती, आणि 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णविजेते उत्तेजक चाचणीत सापडल्यावर संघच माघारी गेला, हेही विसरू नये. साठीनंतर स्नायुबंध सावकाश भरून येतात. माझं मत स्पष्ट आहे: जड वजन आठवड्यातून दोन दिवस, फार तर तीन. हाताला वळण लागावं म्हणून रोज सराव करायचाच असेल तर बांबू किंवा रिकामी दांडी पुरे.

ताटाचंही पाहायला हवं. म्हाताऱ्या स्नायूंना प्रथिनांची हाक उशिरा ऐकू येते. एका जेवणात शरीराच्या दर किलोमागे 0.4 ग्रॅम पडली तर ते जागे होतात, तरुणांना 0.24 पुरतात. 55 किलोच्या माणसाला ही 22 ग्रॅम झाली. भात-आमटीतून त्याच्या निम्मी मिळतात. वालाची उसळ, अंडी, सुकट यांची जोड हवीच. आवणीच्या दिवसांत ओझंही असतं आणि उपासही, म्हणून तिथे स्नायू बांधला जात नाही, झिजतो.

जड उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब क्षणभर भयंकर चढतो. त्यामुळे दाब, हृदय, डोळ्याचा पडदा, मणके तपासून घेतल्याशिवाय बारला हात लावू नका. आणि शिकवणारा माणूस हवा; मोबाइलवर पाहून स्नॅच शिकायचं हे वय नाही.

गावोगावी ग्रामपंचायतींनी ओपन जिम बसवल्या. तिथल्या यंत्रांवर माणूस आपल्याच वजनाशी झुलतो. पुढच्या महिन्यात पाच किलो वाढवायची सोय नाही, आणि ताकद वाढते ती नेमकी त्या पाच किलोंनी. शहापूर-मुरबाडच्या सरपंचांनी पुढच्या आराखड्यात एक दांडी, चार चकत्या आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या प्रशिक्षकाचं मानधन एवढं तरी लिहावं.