मुक्ती मिशन

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव (ता. दौंड) येथे स्थापन केलेली ख्रिस्ती स्त्रीसंस्था. निराश्रित स्त्रियांना आश्रय, शिक्षण व उपजीविकेचे साधन देणे आणि ख्रिस्ती उपासनेवर आधारलेले सामूहिक जीवन उभारणे, असे तिचे दुहेरी स्वरूप होते.

रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनीसंघाचे सेवाकार्य त्यांना भावले. परंतु धर्मगुरूंच्या मताला विवेकबुद्धी शरण जावी, ही अपेक्षा त्यांनी मान्य केली नाही. या भूमिकेचा ठसा त्यांच्या पुढील कार्यावर उमटला.

अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनच्या दहा वर्षांच्या अर्थसाहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. तेथे धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असे ठरले होते. हिंदू विद्यार्थिनींना आपले आचार पाळण्याची मुभा होती. मात्र रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस येणाऱ्या मुलींना त्या मज्जाव करीत नसत. यावरून वाद उद्भवला. स्वतःचा धर्म उघडपणे आचरण्याचा व मुलींना सदसद्विवेकानुसार वागू देण्याचा हक्क सोडण्यास रमाबाई तयार नव्हत्या. तर दुसरा आश्रय नसलेल्या अल्पवयीन विधवेची धर्मनिवड कितपत मुक्त मानावी, हा टीकाकारांच्या आक्षेपाचा गाभा होता. १८९३ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध तोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. प्लेगमुळे पुण्यात त्यांना ठेवणे अशक्य झाल्याने केडगावच्या शेतजमिनीवर वसाहत उभी राहिली. १८९८ मध्ये तिला संस्थेचे रीतसर रूप आले. येथे ख्रिस्ती स्वरूप उघड होते, त्यामुळे पूर्वीचा तटस्थतेचा पेच उरला नाही. मूळ आक्षेपाचे मात्र त्याने निरसन झाले, असे म्हणता येत नाही. १९०० च्या दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या सुमारे २,००० झाली. शेती, विणकाम, शिवणकाम व मुद्रण ही कामे स्त्रिया शिकत व करीत. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा स्वतंत्र विभाग होता.

संस्था कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाशी बांधलेली नव्हती. प्रार्थना, शिकवण व गावोगावचा प्रचार यांत स्त्रियाच अग्रभागी असत. १९०५ च्या धार्मिक पुनरुज्जीवनात हे विशेषत्वाने दिसून आले. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले आणि ते संस्थेच्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातून छापले गेले. अशा रीतीने धर्मग्रंथाचा अर्थ लावण्याचा व तो प्रसृत करण्याचा, परंपरेने पुरुषांकडे असलेला अधिकार येथे स्त्रियांनी वापरला.

रमाबाईंची कन्या व सहकारी मनोरमाबाई १९२१ मध्ये निवर्तल्या. रमाबाईंचे ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे निधन झाले. तथापि संस्था टिकून राहिली व पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने तिचे कार्य पुढे चालू राहिले.