पूल कागदावरचा, भार माणसांचा

स्थापत्य अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला प्रकल्प निवडण्याची वेळ आली, की विद्यार्थ्यांच्या यादीत पादचारी पूल हमखास असतो. धरण किंवा उड्डाणपुलाच्या मानाने तो आटोपशीर असतो, चार-पाच जणांच्या गटाला एका वर्षात पेलतो आणि महाविद्यालयासमोरच्या रस्त्यावरही त्याला जागा शोधता येते. मात्र, २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या (आताचे प्रभादेवी) पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला, तेव्हा तो पूल मोडला नव्हता. त्याचे खांब आणि तुळया जागेवरच होत्या. त्या गर्दीला जिना अपुरा पडला होता. पूल किती वजन पेलेल हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण तो किती माणसांना सुखरूप पलीकडे नेईल, हा त्याआधीचा प्रश्न आहे.

आधी मोजणी, मग आकृती

त्यामुळे प्रकल्पाची सुरुवात संगणकासमोर नव्हे, तर रस्त्यावर व्हायला हवी. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी दर पंधरा मिनिटांना किती माणसे रस्ता ओलांडतात आणि नेमकी कोठून ओलांडतात, याची नोंद हा आराखड्याचा पाया असतो. माणसे ओलांडतात त्या जागेपासून पूल शंभर मीटर दूर ठेवला, तर तो रिकामा राहतो आणि लोक दुभाजकावरूनच उड्या मारतात.

उंचीचेही तसेच. शहरी रस्त्यावर पुलाखाली साधारण साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते. त्यात पुलाच्या तळाची जाडी मिळवली, की पादचाऱ्याला सुमारे सहा मीटर चढावे लागते. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली, तर या चाळीस पायऱ्या होतात. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा या प्रमाणात उतार ठेवायचा म्हटले, तर सहा मीटर उंचीसाठी ७२ मीटर लांबी लागते. मधले विसाव्याचे टप्पे वेगळेच. एवढी जागा नसेल तर उद्वाहनाचा विचार पहिल्याच आकृतीत करावा लागतो.

सपाट वाटेवरून गर्दीच्या वेळी दर मीटर रुंदीमागे मिनिटाला सुमारे ८० माणसे जाऊ शकतात. जिन्यावर हा आकडा साठच्या आसपास येतो. तीन मीटर रुंद जिन्यावरून मिनिटाला १८० माणसे उतरतात असे धरू. एका गाडीतून १२०० प्रवासी त्या जिन्याकडे आले, तर तो रिकामा व्हायला जवळपास सात मिनिटे लागतील. त्याआधीच पुढची गाडी फलाटावर आली, की गर्दी साचत जाते. समोरून चढणारी माणसे असतील तर हे गणित आणखी बिघडते. पूल कितीही भक्कम असला, तरी येथे तो नापास होतो.

भाराचे गणित

रुंदी ठरली की भाराकडे वळता येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार पादचारी मार्गावर सामान्यतः दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात. तीर्थक्षेत्रे किंवा मोठ्या यात्रा-जत्रा भरणारी ठिकाणे यांच्याजवळ, जेथे दाटी होण्याचा संभव असतो, तेथे तो ५०० किलो धरावा लागतो. एका चौरस मीटरमध्ये सत्तर किलोची सात माणसे उभी राहिली, की हा आकडा भरतो.

समजा, पुलाचा गाळा २४ मीटर आणि रुंदी तीन मीटर आहे. ५०० किलोच्या हिशेबाने दर धावत्या मीटरला १.५ टन, म्हणजे सबंध पुलावर ३६ टन वजनाची माणसे झाली. पुलाचे स्वतःचे वजन मीटरमागे ०.८ टन धरले, तर एकूण भार २.३ टन होतो. भाराला गाळ्याच्या वर्गाने गुणून आठने भागले, की मध्यभागी पुलाला वाकवणारे बलयुग्म मिळते; ते येथे सुमारे १६६ टन-मीटर येते. पोलादी त्रिकोणी जाळीचा, म्हणजे ट्रसचा, सांगाडा २.४ मीटर उंच ठेवला, तर वरच्या-खालच्या पट्ट्यांवर प्रत्येकी सुमारे ६९ टन बल येते. उंची निम्मी केली, तर तेच बल दुप्पट होते. उंच ट्रसला तुलनेने कमी पोलाद लागते, ते यामुळेच. वरची पट्टी दाबाखाली असते व बारीक असल्यास ती तुटण्याआधीच बाजूला वाकून निकामी होते, हेही तपासावे लागते.

लंडनचे हेलकावे

भार पेलला तरी पूल हलणार नाही, असे नाही. लंडनमध्ये थेम्स नदीवरचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. त्यामुळे बाजूचा ढकल सेकंदाला एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे बसतो. या पुलाची आडवी कंपने त्याच लयीच्या जवळ होती. पूल किंचित हलला, तोल सावरण्यासाठी माणसे नकळत त्याच्या लयीत पावले टाकू लागली आणि हेलकावे वाढले. कंपने शोषणारी उपकरणे बसवून २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. त्याच्या मजबुतीत दोष नव्हता, माणसाच्या चालीचा हिशेब अपुरा होता.

संगणकाचे उत्तर आणि हाताचा पडताळा

आज संगणक काही क्षणांत शेकडो पाने उत्तर देतो आणि प्रकल्पाच्या अहवालात ती पाने जशीच्या तशी जोडली जातात. धोका तेथेच आहे. अमेरिकेतील मायामीजवळ, एका विद्यापीठाला शेजारच्या वस्तीशी जोडण्यासाठी बांधला जात असलेला काँक्रीटचा पादचारी पूल १५ मार्च २०१८ रोजी खालच्या वाहनांवर कोसळला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आराखड्यातील भार व क्षमतेच्या गणनेत चुका आढळल्या. स्वतंत्र तपासणीतही त्या सापडल्या नव्हत्या. कोसळण्यापूर्वी काही दिवस पुलाला तडे दिसत होते, तरी खालची वाहतूक सुरूच होती. संगणकाच्या उत्तराला वरच्यासारखा चार ओळींचा हाताचा हिशेब जोडण्याची सवय महाविद्यालयातच लागली पाहिजे. दोन उत्तरांत मोठी तफावत आली, तर कोठे तरी चूक आहे, एवढे तरी कळते.

बांधून झाल्यावर

पूल उभा राहिला की काम संपत नाही. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतच्या हिमालय पुलाचा भाग संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. त्याआधी झालेल्या संरचनात्मक तपासणीत हा पूल किरकोळ दुरुस्तीनंतर वापरण्याजोगा ठरला होता. समुद्राकाठच्या दमट हवेत आणि पावसात पोलाद गंजते, आणि गंज बहुधा पाणी साचणाऱ्या, हात न पोहोचणाऱ्या जोडांत लपतो. पाण्याचा निचरा कसा होईल, प्रत्येक जोडापर्यंत तपासनीस कसा पोहोचेल आणि नंतर वर नवी फरशी चढवली तर भार किती वाढेल, याची उत्तरे आराखड्यातच लिहून ठेवावी लागतात.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत तुळईचा छेद किंवा पायाची खोली विचारली जाते, आणि ती विचारायलाही हवी. पण त्याबरोबर आणखी तीन प्रश्न परीक्षकांनी विचारावेत : माणसे कोणी आणि केव्हा मोजली, गाड्या एकापाठोपाठ आल्या तर जिना किती वेळात रिकामा होईल, आणि वीस वर्षांनी हा जोड कोण, कसा तपासेल? हे विद्यार्थी उद्या महापालिका, रेल्वे किंवा सल्लागार संस्थांत खरे आराखडे तपासायला बसतील. तेव्हा हे प्रश्न त्यांना कोणी आठवण करून न देता सुचले पाहिजेत.