पोरांच्या हातात टॅबलेट : सही करण्याआधी विचारा

लहान पोरांना शाळेने टॅबलेट द्यावा का, यावर आपल्या घराघरांत दोन मतं आहेत. बाप ट्रॉलरवर, आई बाजारात. अभ्यासाला तेवढाच आधार, असं काहीजण म्हणतात. ते खोटं नाही. पण घरात बघणारं कोणी नसेल तर अभ्यास संपून कार्टून कधी लागलं ते कळत नाही. कोविडकाळात, 2020 साली, केंद्राने पहिली ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोनच ऑनलाइन तास सांगितले होते, तेही प्रत्येकी 30 ते 45 मिनिटांचे. आता 1 जून ते 31 जुलै बंदीत ट्रॉलर जेटीला असतात. तेव्हा बापानेही शाळेत जाऊन विचारावं : रोज किती वेळ? बिघडला तर खर्च कोणाचा? वही-पेन्सिल सुटणार नाही ना?